९ सप्टेंबरला युद्धातल्या लेकरांसाठी सह्या घ्याव्यात का?

तापीकाठची: १९४२ साली ९ सप्टेंबरला नंदुरबारात झेंडा धरलेल्या शिरीषकुमारवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. त्याच्यासोबत आणखी चौघं गेले. त्याचं वय पंधरा. माझा मुलगा यंदा पंधराचा झाला. मिसरूड फुटलंय, पण घाईत अजून शर्टाचं बटण एक काज सोडून लावतो. गेल्या वर्षी मानवंदनेला तो पुढच्या रांगेत उभा होता आणि माझं लक्ष त्या बटणावरून हटेना.

म्हणून सुचवते, की यंदा कार्यक्रमानंतर सह्यांचं एक पत्र खासदारांना द्यावं. लढाईत मुलांना मारू नका, त्यांच्या हाती बंदूक देऊ नका, शाळा-दवाखान्यांवर हल्ले करू नका, अन्न-औषधाची वाट अडवू नका, यासाठी भारताने जगात ठाम बोलावं. २०२४ या एका वर्षात संयुक्त राष्ट्रांनी मुलांवरच्या गंभीर अत्याचारांच्या ४१,३७० घटना नोंदवल्या, त्याही पडताळणी झालेल्या तेवढ्याच. गाझा, काँगो, सोमालिया, नायजेरिया, हैती. पोरांच्या स्मारकाला हार घालणाऱ्या गावाने यावर गप्प राहू नये असं मला वाटतं.

सातपुड्याचा_भाऊ: ताई, तुमच्या मनाबद्दल शंका नाही, पण मी विरोधात आहे. धडगाव, अक्कलकुव्याकडे या. दिवाळी झाली की माय-बाप ऊसतोडीला निघतात, पोरं सोबत, शाळा सुटली ती सुटली. कुपोषणाच्या बातम्या आमच्याच जिल्ह्याच्या येतात ना? गाझासाठी सही करायला दोनशे लोक जमतील. आमच्या पाड्यावर पावसाळ्यात गाडी पोचावी म्हणून किती जण सही करतात? गेल्या वर्षी मी स्वतः कागद घेऊन फिरलो होतो, एकोणीस सह्या मिळाल्या.

अंगणवाडी_ताई: भाऊ, तुमचं खरं आहे, आणि तरी मी ताईंच्या बाजूने. माझ्या पिशवीत दंडघेर मोजायची पट्टी असते. हिरवा, पिवळा, लाल. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेलं की लाल, म्हणजे तीव्र कुपोषण. दोन वर्षांच्या लेकराचा दंड हातात घेतला की तो केळीच्या कोवळ्या पिलासारखा लागतो, पट्टी ओढायलासुद्धा भीती वाटते. युद्धातल्या छावण्यांमध्येही लेकरं याच पट्टीने मोजतात. फरक एवढाच, की माझं लेकरू लाल निघालं तर त्याला तालुक्याला न्यायला गाडी मागवता येते, उशिरा का होईना येते. तिथे रस्ता मुद्दाम अडवलेला असतो. तुमच्या रस्त्याच्या कागदावर विसावी सही माझी घ्या, पण या पत्रावरही मी करणार.

निवृत्त_सुभेदार_चाळीसगाव: मी चोवीस वर्षं फौजेत काढली. दोन गोष्टी खटकल्या. एक, शिरीषकुमार बिचारा बळी नव्हता. समजून-उमजून पुढे झाला, त्याचं शौर्य दयेत बुडवू नका. दुसरी, समोरचा शाळेच्या गच्चीवरून गोळ्या झाडत असेल तर नियम कोणाला बांधतो? पाळणाऱ्यालाच. कागदाने बंदूक थांबत नाही.

अमळनेरचा_वकील: काका, शाळेत लढाईचा मोर्चा बांधला की शाळेचं संरक्षण जातं हे बरोबर. म्हणून तर शाळा लष्करी कामाला कोणीच वापरू नये ही मागणी आहे, दोन्ही बाजूंना. आपल्याकडे छत्तीसगडमधल्या शाळांतून सुरक्षा दलांना हलवायला सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सांगितलंच होतं. बंडखोरही कधीकधी ऐकतात. नेपाळात माओवाद्यांचं नाव मुलांना लढाईत वापरणाऱ्यांच्या संयुक्त राष्ट्रांच्या यादीत लागलं. यादीतून निघायचं तर मुलं सोडा, अशी अट. २०१० मध्ये जवळपास ३ हजार जण छावण्यांतून बाहेर पडले, जे भरतीच्या वेळी अल्पवयीन होते. आणि काँगोतला बंडखोर नेता थॉमस लुबांगा याला १५ वर्षांखालच्या पोरांना लढाईत जुंपल्याबद्दल २०१२ मध्ये १४ वर्षांची शिक्षा झाली.

तापीकाठची: सुभेदारकाका, शिरीषकुमारला मीही हुतात्माच म्हणते. पण धाडस त्याचं होतं म्हणून गोळी झाडणाऱ्याचं पाप कमी होतं का? मला त्या बंदुकीमागच्या माणसाबद्दल बोलायचंय.

कागदाने काही होत नाही, हेही पूर्ण खरं नाही. १९८५ मध्ये एल साल्वादोरच्या यादवीत युनिसेफ आणि चर्चच्या मध्यस्थीने लसीकरणासाठी लढाई थांबली, वर्षात तीन दिवस. सरकारही थांबलं, गनिमही थांबले. सुमारे अडीच लाख मुलांना लस मिळाली. गाझात २०२४ च्या सप्टेंबरमध्ये पोलिओसाठी ठराविक तास हल्ले थांबवले, तेव्हा साडेपाच लाखांवर लेकरांच्या तोंडात थेंब पडले. त्यानंतर पुन्हा बॉम्ब पडले, हे मी विसरत नाही. पण ते थेंब पडले.

निवृत्त_सुभेदार_चाळीसगाव: नेपाळचं मला माहीत नव्हतं. मग पत्रात पहिलं वाक्य असं लिहा: "शाळेत कोणीही शस्त्र घेऊन शिरू नये, सरकारचा जवान असो वा बंडखोर." हे असेल तर सही करतो. नसेल तर नाही.

तापीकाठची: तेच पहिलं वाक्य, काका. तुमच्याच शब्दांत.

सातपुड्याचा_भाऊ: माझी सही धरू नका. मी त्या दिवशी शाळेच्या फाटकाशी रस्त्याचा कागद घेऊन उभा असेन. अंगणवाडी ताई, तुम्ही विसावी सही कबूल केली आहे.