इन्फ्लमेशन : सूज, दाह की शोथ?

आत्याला सांध्यांचा ऱ्हुमॅटॉइड संधिवात आहे. यंदाच्या तपासणीत रक्तातलं सीआरपी हे प्रथिन वाढलेलं निघालं. "अंगात इन्फ्लमेशन आहे, सीआरपी लिव्हरमध्ये तयार होतं," असं डॉक्टर म्हणाले. मी तिला 'सूज' म्हणून सांगितलं, तर ती घाबरलीच : "अगं बाई, लिव्हरलाही सूज?" इथे नेमका शब्द कोणता?

—

तुमच्या आत्यांचं चुकलं नाही. 'लिव्हरला सूज' म्हटलं की आपल्याकडे कावीळच डोळ्यांपुढे येते. लाली, सूज, ऊब आणि वेदना ही चार लक्षणं रोमन लेखक सेल्ससने पहिल्या शतकातच एकत्र नोंदवली. सूज ही त्यातली एक. 'शोथ' म्हणजे संस्कृतातली सूजच. 'जळजळ' पित्ताकडे जाते. उरतो 'दाह', आणि मूळ लॅटिन शब्दातही पेटणंच आहे.

माझं वाक्य असं : गुडघ्यातल्या दाहाची वर्दी रक्तातून यकृताला लागते. ही वर्दी नेणारं प्रथिन म्हणजे इंटरल्युकिन-६. ते यकृतपेशीला बाहेरून चिकटलं की आतलं स्टॅट-३ नावाचं प्रथिन जागं होतं, पेशीच्या केंद्रकात शिरतं आणि सीआरपीच्या जनुकाचं काम वाढवतं. गंभीर संसर्गात सीआरपी हजारपटीपर्यंत चढतं. यकृत स्वतः सुजलेलं नसतानाही हे घडतं, म्हणून 'सूज' नकोच.

—

दवाखान्यात 'दाह' म्हटलं की पेशंट विचारतात, "पण आग कुठे होतेय?" सांध्यापुरतं जुनं 'दाहयुक्त सूज' मला बरं वाटतं. सगळ्या अंगाबद्दल बोलताना नुसतं 'दाह' चालेल.

—

हे पटलं. सांध्याला दाहयुक्त सूज, अंगात दाह.

—

आणखी एक. 'दाहामुळे जनुकं बदलतात' असं कृपा करून लिहू नका. वाचणाऱ्याला वाटतं, आता हे मुलाबाळांत उतरणार. तसा बदल म्हणजे उत्परिवर्तन. इथे जनुक आहे तसंच राहतं, त्याचा वापर कमीजास्त होतो. म्हणून 'जनुक-नियमन'. 'नियंत्रण' मला खटकतं, त्यात आवर घालण्याचा अर्थ येतो. इथे तर काही जनुकांचं काम वाढतं, काहींचं घटतं : सीआरपी वर, अल्ब्युमिन (यकृतातच बनणारं रक्तातलं नेहमीचं प्रथिन) खाली. हेप्सिडिन हे यकृतात बनणारं संप्रेरकही वाढतं. ते लोह पेशींमध्ये अडकवून ठेवतं आणि आतड्यातूनही कमी शोषू देतं, त्यामुळे शरीरात साठा असूनही हिमोग्लोबिन घसरतं. आत्यांचं हिमोग्लोबिन कितीय?

—

साडेनऊ! गोळ्या चालू आहेत तरी. काल तिला सांगितलं, "आत्या, लिव्हर सुजलेलं नाही. सांध्यांतल्या दाहाची वर्दी लागल्यामुळे त्याने आपलं काम बदललंय." तिला लगेच कळलं. मग म्हणाली, "तर लोहाच्या गोळ्या उगाच खातेय का मी?" तो प्रश्न गुरुवारी डॉक्टरांना विचारायचा म्हणून चिठ्ठीवर लिहून ठेवलाय.