मॉरिशसने अख्ख्या देशाचं तेल बदललं. बरोबर केलं का?

उसाचा_फड (धागाकर्ता)
चार वर्षं मॉरिशसला होतो, वाक्वा नावाच्या गावात. तिथला एक जुना किस्सा इथे फारसा कुणाला माहीत नसतो, म्हणून धागा काढतोय.

तिकडे घरोघरी ज्याला 'रेशनचं तेल' म्हणायचे ते १९८७ पर्यंत बहुतांश पामतेल होतं. हृदयविकार आणि मधुमेह वाढलेले, म्हणून सरकारने त्या वर्षी ते पूर्ण सोयाबीनचं केलं. डाळपुरी तीच, गातो पिमां (आपल्या डाळवड्याचा मिरचीवाला चुलतभाऊ) तोच, फक्त कढईतलं तेल बदललं. १९९२ ला पुन्हा तपासणी केली तर पुरुषांचं सरासरी कोलेस्टेरॉल ५.५ वरून ४.७ मिलिमोल प्रतिलिटरवर आलेलं, बायकांचं ५.४ वरून ४.६ वर. आपल्या लॅबच्या आकड्यांत सांगायचं तर पुरुषांचं साधारण २१३ वरून १८२. गोळी न खाता, अख्ख्या देशाचं!

माझं मत सरळ आहे. सरकारने असंच करावं, आपल्याकडेही. आपण मात्र २०२२ च्या दिवाळीला 'आनंदाचा शिधा' म्हणून रवा, साखर, चणाडाळीबरोबर लिटरभर पामतेल वाटलं.

कडू_कारलं
असहमत. आकडे बरोबर आहेत, श्रेय चुकीच्या माणसाला दिलंय. १९८७ ला फक्त तेल बदललं नाही, आरोग्याची मोठी मोहीमच सुरू झाली. त्याच पाच वर्षांत सिगारेट ओढणारे पुरुष ५८ टक्क्यांवरून ४७ वर आले, दारू जास्त पिणारे ३८ वरून १४ वर. आणि जे तुम्ही सांगितलं नाहीत ते मी सांगतो. जास्त वजनाचे आणि लठ्ठ पुरुष २६ टक्क्यांवरून ३६ वर गेले, बायका ३८ वरून ४८ वर. मधुमेह होता तिथेच. म्हणजे तेल 'चांगलं' झालं आणि लोक जाड झाले.

उसाचा_फड
वजन वाढल्याचं मान्य, लिहायला हवं होतं. पण सिगारेट सोडून कोलेस्टेरॉल तीस अंकांनी उतरल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. आणि वजन वाढत असताना ते आपोआप खाली येत नाही, उलट चढायला हवं. मग कशाने उतरलं?

मस्जिद_बंदर
तेलाच्या दलालीत १९ वर्षं आहे, म्हणून तोंड उघडतो. डॉक्टरी मला कळत नाही, पण ज्या बेटावर लागवडीची बहुतेक जमीन उसाखाली आहे, तिथे तेलाचा थेंब न् थेंब बोटीतून येणार. तिथे 'शंभर टक्के एकच तेल' हा निर्णय व्यापारी माणूस कधी घेणार नाही. २०२२ आठवा. युक्रेनचं सूर्यफूल बंदरात अडकलं, आणि एप्रिलअखेर इंडोनेशियाने पामची निर्यातच बंद केली. तीनेक आठवड्यांनी उघडली, पण तेवढ्यात आमच्याकडे भावाने तोंडाला फेस आणला. हे नाही तर ते असं फिरता आलं तोच तरला. आज पाम अडलं, उद्या अर्जेंटिनाचं सोया अडेल. सगळी भिस्त एका घाण्यावर ठेवू नये.

दुसरं, तळणीचं. पाम कढईत टिकतं. सोया चार घाण्यांत फेसाळतं, वास मारायला लागतं. बसस्टँडवरचा वडेवाला तेल कधी बदलतो, हे कुठल्या सर्वेक्षणात विचारलं होतं का?

गावठी_विचार
+१. आणि गरिबाला विचारलं कुणी? पैसेवाला हवं ते तेल घेणार, रेशनवाल्याने सरकार देईल ते खायचं. आज तेल, उद्या तांदूळ.

कडू_कारलं
@गावठी_विचार, आता मी तुमच्याही विरोधात. आधीचं पाम तरी कुणी मतदान घेऊन आणलं होतं? स्वस्त होतं म्हणून आलं. रेशनचं तेल कुणीतरी निवडणारच. निवडताना नुसता भाव बघायचा की आणखी काही, एवढाच वाद आहे.

नारळीपौर्णिमा
सगळे पाम-सोया करताय, पण त्या बेटाचं जुनं तेल खोबऱ्याचं होतं! हिंदी महासागरातल्या छागोस बेटांना मॉरिशसमध्ये 'तेलबेटं' म्हणायचे, कारण तिथून खोबरेल आणि सुकं खोबरं यायचं. मळ्यांवर आधी गुलाम राबले, नंतर कंत्राटी मजूर. १९६५ ला ब्रिटनने ती बेटं मॉरिशसपासून तोडली, आणि १९६८ ते १९७३ मध्ये त्यांतल्याच दिएगो गार्सिया बेटावरच्या अमेरिकी लष्करी तळासाठी माणसांना उचलून बाहेर काढलं. बेटं परत देण्याच्या करारावर सही झाली ती थेट मे २०२५ मध्ये. माझ्या गोव्याच्या आजीने जन्मभर खोबरेलात माशाचं कालवण केलं. ८८ वर्षं जगली.

कडू_कारलं
छागोसबद्दल एकदम बरोबर, त्यावर वेगळा धागा काढाच. पण आजी हा पुरावा नाही हो ताई. पामतेलात सॅच्युरेटेड चरबी (कोलेस्टेरॉल वाढवणारी) साधारण निम्मी, खोबरेलात पाचातल्या चार भागांहून जास्त. मॉरिशस खोबरेलावर परत गेलं असतं तर आगीतून फुफाट्यात.

नारळीपौर्णिमा
आजी पुरावा नाही, पण आजी आठवड्यातून एकदाच तळायची. ते कुठल्या तक्त्यात बसतं बघा.

मस्जिद_बंदर
ताईंचं शेवटचं वाक्य धंद्याला घातक आहे, तरी पटलं. धागाकर्ते कुठे गेले? वडेवाल्याचं उत्तर राहिलंय.

उसाचा_फड
आलो. वडेवाल्याचं उत्तर नाही माझ्याकडे. एकाला विचारलं होतं, तर तो हसला आणि आणखी एक वडा पुडीत टाकला, यावरून काय ते समजा.

पण शेजारच्या मराठी आज्जींचं सांगतो. पणजोबा रत्नागिरीकडून उसाच्या मळ्यावर आलेले. बोलणं सगळं क्रिओलमध्ये (तिकडची रोजची बोली), मराठी शब्द गणपतीपुरते. त्यांना ते जुनं तेल चांगलं आठवत होतं. जुलैच्या थंडीत बाटलीत गोठायचं, मग स्वयंपाकाच्या आधी बाटली उन्हात ठेवायची. नवीन तेल पातळच राहिलं, याचंच त्यांना कोण अप्रूप. कोलेस्टेरॉल वगैरे त्यांच्या गावीही नाही.

आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर गणपतीच्या करंज्या त्या सोयात तळत नाहीत. 'वास येतो' म्हणून सूर्यफुलाचा एक कॅन खास बाजूला ठेवलेला असतो. मस्जिद_बंदर, हा एक गुण तुमचा.

गावठी_विचार
म्हणजे आज्जींनी स्वतः निवडलं!

कडू_कारलं
अहो, वर्षातले दहा दिवस. बाकीचे ३५५ रेशनचंच.