जुन्या मॅचबॉक्सची चाकं मूळची की बदललेली, कसं ओळखायचं?

पंचवटीकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. पंचवटीतल्या एका वाड्याच्या आवराआवरीत निघालेल्या चार डायकास्ट (साच्यात धातू ओतून केलेल्या) खेळण्यातल्या गाड्या घेतल्या आहेत. चाकांबाबत शंका आहे, म्हणून विचारतो.

१. मॅचबॉक्स लंडन बस (लेस्नी ही मॅचबॉक्स बनवणारी कंपनी). लांबी कॅलिपरने ५७ मिमी. करडी प्लास्टिकची चाकं. पुढच्या ॲक्सलची दोन्ही टोकं गोल टोपीसारखी आहेत. मागच्या ॲक्सलचं डावं टोक मात्र चपटं आणि चकचकीत दिसतं.

२. मॅचबॉक्स क्रमांक २७, कॅडिलॅक. तीन चाकं चंदेरी, पुढचं डावं काळं.

३. मॅचबॉक्स क्रमांक ३२, जॅग्वार ई-टाइप. तारांची चाकं शाबूत आहेत, चारही टायर गेलेत.

४. छोटी मिनीबस, तळावर ‘निकी टॉईज’ आणि ‘मेड इन इंडिया’. हिची चाकं डिंकी या इंग्लिश ब्रँडच्या गाड्यांच्या फोटोंशी जुळत नाहीत.

कुठली चाकं मूळची धरायची? आणि बदलायची झाली तर कशी? साफसफाईचंही सांगा, बसवर काळा थर बसला आहे.

सिडको_डायकास्ट

दादा, पहिली गोष्ट, नुसत्या चाकावरून निकाल लावू नका. चाक, ॲक्सलचं टोक आणि ओतकाम (गाडीची साच्यातून निघालेली बॉडी) ही तिन्ही एकाच काळातली असली पाहिजेत. नक्कल केलेलं चाक विकत मिळतं, कारखान्यात दाबलेलं टोक मिळत नाही. म्हणून आधी टोक बघायचं, मग चाक.

क्रम असा. मॅचबॉक्सची १-७५ मालिका (१ ते ७५ क्रमांकांच्या छोट्या गाड्या) १९५३ साली आली तेव्हा चाकं धातूची होती. १९५७-५८ च्या सुमाराला करडं प्लास्टिक आलं, १९६० च्या आसपास काही मॉडेलांना चंदेरी, त्यानंतर काळं, आणि १९६९ पासून सुपरफास्ट, म्हणजे कमी घर्षणाची वेगवान चाकं. संग्राहकांच्या याद्यांमध्ये धातूच्या चाकांना एमडब्ल्यू, करड्यांना जीपीडब्ल्यू, चंदेरींना एसपीडब्ल्यू आणि काळ्यांना बीपीडब्ल्यू म्हणतात. साचा न बदलता मध्येच चाक बदललं, त्यामुळे एकाच मॉडेलला दोन-तीन जातींची चाकं खरीखुरी सापडतात. ॲक्सलचंही तसंच: सुरुवातीला टोक चिमटून चपटं करत, त्याला क्रिम्प्ड म्हणतात, १९५८ च्या आसपासपासून टोक ठोकून गोल केलेलं दिसतं.

तुमची बस ५७ मिमीची, म्हणजे या बसचं दुसरं ओतकाम (दुसऱ्या साच्यातली आवृत्ती), १९५७ चं. पहिलं साधारण ५१ मिमी, तिसरं (१९६१) ६५ च्या आसपास, चौथं (१९६५) ७० मिमी. दुसऱ्या ओतकामाला धातूची आणि करडी अशी दोन्ही चाकं कारखान्यातून लागली आहेत, तेव्हा करड्या चाकावर आक्षेप नाही. संशय मागच्या ॲक्सलवर आहे. कारखान्यातल्या क्रिम्पवर दोन बाजूंनी दाबल्याच्या खुणा असतात आणि दोन्ही टोकं एकसारखी असतात. शिवाय इतक्या वर्षांत पोलाद काळवंडतं. एकच टोक चकचकीत असेल तर तिथे बहुतेक कानस फिरली आहे. सराफ बाजारात सोनारांचं १० पट भिंग मिळतं, ते घेऊन बघा. समांतर ओरखडे दिसले तर ॲक्सल एका बाजूने उघडून परत बसवला आहे.

मग चाकांच्या कडेवरचे दात (उंचवटे) मोजा. करड्या चाकांत एक जाड, खडबडीत दातांची जात आहे आणि एक बारीक दातांची. बारीक दातांत २४, ३६, ४५ असे आकडे याद्यांमध्ये येतात. एका दातावर टोकदार पेन्सिलीने हलका ठिपका द्या, मोबाइलने जवळून फोटो काढा आणि स्क्रीनवर मोजा. नुसत्या डोळ्यांनी मोजलं की हमखास चुकतं. पुढची आणि मागची चाकं वेगवेगळ्या जातीची निघाली तर मागची बदललेली धरा. सारखी निघाली तर चाकं मूळची असून फक्त ॲक्सल उघडला असण्याची शक्यता चांगली आहे.

नकली करड्या चाकाचे दात कडेला बोथट असतात, राळेत ओतलेलं असेल तर भिंगातून बुडबुडे दिसतात. धातूच्या चाकांची नक्कल बहुधा मऊ, शिशासारख्या दिसणाऱ्या मिश्रधातूची असते. मूळच्या चाकावर झीज चारही ठिकाणी साधारण सारखी असते आणि ॲक्सलभोवती जुना मळ घट्ट बसलेला असतो. तो मळ पुरावा आहे. बघून होईपर्यंत साफ करू नका.

कॅडिलॅक १९६० ची. तिला चंदेरी आणि काळी दोन्ही चाकं येत असत, पण एकाच ॲक्सलवर एक चंदेरी आणि एक काळं हे कारखान्याचं काम वाटत नाही. आधी तपासा की चंदेरी रंग वरून मारलेला तर नाही ना. ब्रशचा रंग दातांच्या खाचांत साचतो आणि चाकाची आतली बाजू बिनरंगाची राहते. साच्यातूनच चंदेरी निघालेलं चाक आतबाहेर एकाच रंगाचं असतं.

ई-टाइप १९६२ ची. आधी करडे टायर, नंतर काळे. रिमच्या खाचेत जुन्या टायरचा अंश चिकटलेला असतो, त्याचा रंग बघा. टायर ही झिजणारी वस्तू, नक्कल घालायला हरकत नाही. फक्त विकताना सांगायचं.

गंगापूररोड_निकी

चौथ्या गाडीबद्दल. डिंकीचं काम संपलेले काही साचे १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात डिंकी बनवणाऱ्या मेकॅनो कंपनीकडून भारतात आले आणि कोलकात्याच्या एस. कुमार आणि कंपनीने ‘निकी टॉईज’ नावाने गाड्या काढल्या. तुमची मिनीबस बहुधा डिंकी २९५ ॲटलासच्या साच्यातली, निकीत ती ‘स्टँडर्ड २०’ झाली.

निकीचे हब (टायरच्या आतला चाकाचा भाग) आणि टायर इंग्लंडच्या गाड्यांशी जुळतीलच असं नाही, रंगही जाडसर असतो. ही तिची ओळखच आहे. कृपा करून तिला डिंकीचे चकचकीत ॲल्युमिनियम हब लावून ‘दुरुस्त’ करू नका. या गाड्यांना लोक हलका माल समजून भंगारात टाकत आले, म्हणून जशीच्या तशी राहिलेली निकी फार जपण्यासारखी आहे. टायर चिरले असतील तरी तेच राहू द्या.

सातपूर_टूलरूम

बसला आणि निकीला हात लावू नका. बसच्या मागच्या ॲक्सलवर पुन्हा काम केलंत तर आहे तो पुरावाही जाईल. कॅडिलॅकचा पुढचा ॲक्सल मात्र आधीच उघडलेला दिसतोय, तो बदलता येईल. त्यासाठी तुटकी, त्याच काळातली चंदेरी चाकांची दाता गाडी मिळवा. नकली चाकापेक्षा ते केव्हाही चांगलं.

पद्धत: बॉडीला मास्किंग टेपचे दोन थर द्या. एकाच टोकाची टोपी बारीक सुई-कानशीने सपाट करा, चाक निघेल एवढीच. ग्राइंडर किंवा ड्रिल लावू नका. ॲक्सल तापतो आणि प्लास्टिकच्या चाकाचं भोक वितळून मोठं होतं, मग चाक डुगडुगतं. ॲक्सल दुसऱ्या बाजूने सरळ ओढा, पिळू नका. जुन्या ॲक्सलची जाडी व्हर्नियरने मोजून त्याच मापाची मऊ पोलादी तार घ्या. स्प्रिंगची कडक तार घेतली तर टोक बसत नाही, चिरतं.

लांबी ठरवताना बॉडीच्या बाहेरची रुंदी, दोन चाकांची जाडी आणि प्रत्येक टोपीसाठी साधारण १ मिमी अशी बेरीज करा. एक टोक गाडीबाहेरच व्हाइसमध्ये धरून तयार करायचं. दुसरं टोक गाडीत घातल्यावर. इथेच सगळ्यांची गाडी मोडते. पहिल्या टोपीखाली आधार हवा, बॉडीखाली नको. आधार बॉडीला दिला तर हातोडीचा सगळा मार मडगार्डच्या पातळ कडेवर येतो, आणि जस्ताचं ओतकाम वाकत नाही, सरळ तुटतं. पोलादी ठोकळ्यात टोपीएवढा खळगा पाडून पहिलं टोक त्यात उभं टेकवा, वरच्या टोकावर वाटीसारखा खळगा असलेला पंच धरा आणि हलके ठोके द्या. प्रत्येक दोन-तीन ठोक्यांनंतर चाक फिरवून बघा. चाक आणि बॉडीमध्ये पोस्टकार्डाचा तुकडा ठेवून ठोकलं की नंतर तेवढी फट उरते आणि चाक मोकळं फिरतं.

काढलेला ॲक्सल आणि काळं चाक फेकू नका. पुडीत घालून गाडीबरोबर ठेवा.

सिडको_डायकास्ट

सातपूरकर सांगतात ती पद्धत बरोबर आहे, पण मी कॅडिलॅकही तशीच ठेवेन. काळं चाक डोळ्यांना खुपतं हे खरं, तरी तीन मूळची चाकं आणि एक उघड बदललेलं हे कोणालाही वाचता येतं. चारही चंदेरी करून ठेवलेली गाडी दहा वर्षांनी दुसऱ्याच्या हातात गेली की ती ‘मूळची’ म्हणून विकली जाते. करायचंच असेल तर गाडीच्या डबीत चिठ्ठी ठेवा: कुठला ॲक्सल, कधी, कुठल्या गाडीतून.

तांबट_आळी

साफसफाई. आपल्याकडे भांडी घासायची सवय, म्हणून आधीच सांगते: चिंच, लिंबू, पितांबरी यातलं काहीही नको. गाडी तांब्या-पितळेची नाही, जस्ताच्या मिश्रधातूची आहे. आंबट पदार्थ जस्त खातात. कॉस्टिक सोडाही खातो, रंग काढायला तो वापरणाऱ्यांच्या हातात खडबडीत, करडा पृष्ठभाग उरतो.

कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन-तीन थेंब, मऊ ब्रश. ‘बाय मॅचबॉक्स सिरीज’ असं लिहिलेली पट्टी पाण्यावर सुटणाऱ्या कागदाची आहे, तिच्यावर ओला ब्रश अजिबात नको. तिथे कोरडा कापूस, तोही न घासता. बस बुडवू नका, ओल्या बोळ्याने भागाभागाने पुसा. धुतल्यावर पंख्याखाली रात्रभर सुकू द्या, नाहीतर ॲक्सलला गंज धरतो. गंज असेल तर टूथपिकच्या टोकाने शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब, बाकीचं टिपून घ्या.

ठेवताना प्लायवूड आणि एमडीएफची कपाटं टाळा. त्यातून आम्लाची वाफ सुटते आणि बंद कपाटात जस्तावर पांढरी भुकटी येते. काच किंवा पावडर कोटिंगची लोखंडी रॅक चांगली. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, रंग बदलला की बदला. डांबरगोळ्या नकोत, त्यांच्या वाफेने खिडक्यांचं प्लास्टिक खराब होतं. मऊ पीव्हीसीच्या पिशव्याही नकोत, त्यातला तेलकट अंश रंगाला चिकटतो. साध्या पॉलिथीनच्या झिप पिशव्या चालतात.

जाळीसारख्या भेगा किंवा फुगलेला धातू दिसला तर तो ‘झिंक पेस्ट’ (zinc pest), म्हणजे जस्ताचा आतून किडण्याचा रोग. ओतताना जस्तात शिसं, कथील अशी अशुद्धी गेल्यामुळे होतो, युद्धापूर्वीच्या डिंकींत जास्त. शेजारच्या गाडीला लागत नाही. दमट उष्णतेत वाढतो मात्र.

पंचवटीकर

खूप आभार, ताई आणि दादा. भिंगातून पाहिलं, मागच्या डाव्या टोकावर समांतर ओरखडे आहेत. दात मात्र पुढे-मागे सारखेच निघाले. बस आणि कॅडिलॅक आहे तशाच ठेवतो. अजून एक: दुसऱ्या ठिकाणी मर्सिडीज २३०एसएल बघितली, चाकं सुपरफास्टची पण तळावर ‘सुपरफास्ट’ लिहिलेलं नाही. जोडकाम असेल का?

सिडको_डायकास्ट

नुसत्या अक्षरांवर जाऊ नका, सुरुवातीच्या काळात तळ सगळीकडे एकदम बदललेला नाही. ॲक्सल आणि त्याची खाच बघा. जुन्या नेहमीच्या चाकांचा ॲक्सल जाड, सुपरफास्टचा तारेसारखा बारीक. १९६८ ला आलेल्या हॉट व्हील्सच्या वेगाला तोड द्यायची म्हणून लेस्नीला घर्षण कमी करायचं होतं. बारीक ॲक्सलसाठी आतली बैठकही बदलली. तेव्हा बारीक ॲक्सल जाड ॲक्सलच्या भोकात सैल हलत असेल, किंवा भोकात नळी, गोंद असं काही भरलेलं असेल, तर ते जोडकाम आहे. बैठक मापाची आणि चाकं अरुंद असतील तर ती १९७० च्या आसपासची खरी सुपरफास्ट असू शकते. रुंद चाकं नंतर आली. विकणाऱ्याकडून तळाचा सरळ फोटो आणि चारही ॲक्सल-टोकांचे जवळचे फोटो मागवा. बाजूचा फोटो कितीही सुंदर असला तरी त्यात यातलं काही दिसत नाही.