मदत हवी आहे: ॲपच्या पहिल्या स्क्रीनवरचे पर्याय कमी करताना काय ठेवावे आणि काय हलवावे?

नमस्कार. एका पतसंस्थेच्या सभासदांसाठीच्या मोबाइल ॲपची मांडणी सध्या माझ्याकडे आहे. प्रत्येक विभागाला आपले काम पुढे दिसायला हवे असल्यामुळे पहिल्या स्क्रीनवर आज १८ चौकोन आहेत. काही सभासदांना समोर बसवून ॲप वापरायला दिले, तेव्हा नुसती शिल्लक पाहायची असणारेही वरपासून खालपर्यंत सगळे वाचत बसले. म्हणून शिल्लक, खातेउतारा, हप्ता भरणे आणि ठेव एवढे चारच पर्याय समोर ठेवून बाकीचे ‘इतर सेवा’मध्ये न्यावेत, असे मी सुचवले आहे.

व्यवस्थापकांनी मानसशास्त्रज्ञ हिक यांच्या १९५२ च्या, दिवा लागताच त्याची कळ दाबायच्या प्रयोगाचा आधार घेऊन मला अडवले: पर्याय दुप्पट झाले तरी निर्णयाचा वेळ दुप्पट होत नाही, थोडाच वाढतो. हे खरे आहे. पण त्या प्रयोगात कोणत्या दिव्याला कोणती कळ दाबायची हे भाग घेणाऱ्याला आधीच ठाऊक होते, आणि आमच्या सभासदाला प्रत्येक चौकोन वाचून शोधावा लागतो. (२४ ऐवजी ६ चवी मांडल्या तेव्हा जास्त लोकांनी जॅम विकत घेतला, हा २००० सालचा प्रसिद्ध प्रयोग मी बैठकीत मुद्दामच काढला नाही, कारण २०१० मध्ये अशा अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा पर्यायांच्या संख्येचा सरासरी परिणाम जवळपास शून्य निघाला होता.)

माझी खरी अडचण निवडीची आहे. केवळ वापराच्या आकड्यांवरून चार पर्याय ठरवले, तर कार्ड बंद करण्याची सोय आत जाईल. ती क्वचितच लागते, पण लागते तेव्हा माणूस घाबरलेला असतो. सहकाऱ्याचे म्हणणे असे, की ज्याच्या त्याच्या वापरानुसार ॲपनेच चौकोन पुढेमागे करावेत. मला ते पटत नाही. मायक्रोसॉफ्टच्या ऑफिस २००० मधील मेनू कमी वापराच्या आज्ञा आपोआप लपवत असे, त्यामुळे ओळखीची आज्ञा नेहमीच्या जागी सापडत नसे. ऑफिस २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने वर्ड, एक्सेलमधून ते मेनूच काढून रिबन, म्हणजे वरच्या बाजूची बटणांची पट्टी, आणली.

बँकिंग किंवा सरकारी सेवांच्या ॲपवर काम केलेल्यांना विचारायचे आहे: क्वचित पण तातडीने लागणाऱ्या कामाला पहिल्या स्क्रीनवर जागा द्यायची की ग्राहक मदतीच्या बटणात ते ठेवायचे, हे आपण कशावरून ठरवता? ‘इतर सेवा’तील १४ पर्यायांचे गट विभागांच्या नावांनी न करता सभासदांच्या बोलीतल्या शब्दांनी केले, तर शोधणे खरोखर सोपे झाल्याचा कोणाचा अनुभव आहे का?