पंखा आधी की इंजिन? बोटीत पैसे नक्की कुठे घालावेत?

मिरकरवाड्याचा नाखवा

१ जूनला पावसाळी मासेमारीची बंदी लागली, बोटी वर ओढल्या, शाकारून झाल्या आणि बंदरावर पुन्हा तोच एक विषय सुरू झाला. कोण किती एचपीचं इंजिन बसवतोय? शेजारच्याने १८० टाकलं म्हणून याला २२० हवं, याने २२० टाकलं म्हणून पलीकडच्याला २८०. बोट ढकलणाऱ्या पंख्याबद्दल, म्हणजे प्रोपेलरबद्दल मात्र कोणी अवाक्षर काढत नाही. मी स्वतः याच चुकीत दोन हंगाम घालवले, म्हणून आज सविस्तर लिहितो.

माझा ४५ फुटी ट्रॉलर, म्हणजे जाळं मागे ओढत नेणारी बोट. जुनं सहा सिलिंडर इंजिन ११० एचपीचं, मिनिटाला १८०० फेऱ्यांवर चालायचं. गिअर तीनास एक, म्हणजे पंखा फिरवणाऱ्या दांड्याला, शाफ्टला, मिनिटाला ६०० फेरे, आणि खाली ३५ इंची पंखा. इंजिन थकलं तेव्हा १८० एचपीचं नवं घेतलं. ते २२०० फेऱ्यांचं, सोबत आलेला गिअर दोनास एक. म्हणजे शाफ्ट एकदम ११०० फेऱ्यांवर. ३५ इंची पंखा त्या वेगाने फिरवणं इंजिनाला झेपेना. नुसता काळा धूर. मग मिस्त्रीने २७ इंची पंखा लावून दिला. इंजिन मोकळं पळायला लागलं, सगळे खूश झाले. पण जाळं सोडलं की बोट जुन्या इंजिनापेक्षा फारशी जास्त ओढत नव्हती, आणि डिझेल मात्र घटाघटा पीत होती. हंगाम संपल्यावर बोट वर काढली तर पंख्याच्या पात्यांना उंदराने कुरतडल्यासारखे खड्डे पडलेले.

गेल्या वर्षी गिअर बदलून साडेतीनास एक केला. शाफ्ट ६३० फेऱ्यांवर आला, ३७ इंची पंखा बसला. इंजिन तेच. दहा-बारा दिवसांच्या फेरीत सरासरी दोन पिंपं डिझेल वाचलं, आणि पूर्ण फेऱ्यांवर लावलं तर जाळं आधीपेक्षा जोरात ओढलं जातं. माझं मत स्पष्ट आहे: आपल्या बोटींमध्ये आता जी सुधारणा करायची ती इंजिनाच्या मागच्या बाजूला आहे. गिअर, शाफ्ट, पंखा. नवीन इंजिनाचा विचार त्यानंतर.

वेल्डिंग आणि शाफ्टिंग

नाखवा, तुम्ही सांगताय त्यात चूक काढणार नाही, पण अर्धीच गोष्ट सांगितलीत. शाफ्टचे फेरे ११०० वरून ६३० वर आणले म्हणजे त्याच ताकदीला पीळ पावणेदोन पट झाला. जुन्या शाफ्टला तो सोसत नाही. साठ मिलिमीटरचा शाफ्ट असेल तर बहात्तरच्या आसपास लागतो. शाफ्ट जाड झाला की स्टर्न ट्यूब, म्हणजे तो ज्या नळीतून बोटीबाहेर जातो ती, बदला, बेअरिंग बदला, कपलिंग बदला. लाकडी बोट असेल तर मागचा खांब नव्याने कोरा. तुमच्या बोटीला खाली जागा होती म्हणून ३७ इंच बसला. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या सात बोटींना एवढी जागाच नसते. पंख्याचं टोक आणि तळ यांत अंतर कमी पडलं की पूर्ण बोट थरथरते, फळ्यांचे सांधे ढिले होतात आणि पाणी यायला लागतं.

गरीब माणसाने मिळेल ते इंजिन मिळेल त्या गिअरसकट घेतलं तर त्याला दोष देऊ नका. तो सगळा खर्च एका पावसाळ्यात करू शकत नाही.

दर्याकिनारी हर्णै

मी उघड विरोधात आहे. नाखवांना ओढ दिसते, आम्हाला वेळ दिसतो. जवळचा मासा गेला, आता लांब जावं लागतं. लिलावाला पहिल्या चार बोटींत लागलात तर भाव, दहाव्या लागलात तर उरलंसुरलं. आणि मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं तेव्हा दोन तास आधी बंदरात शिरणं म्हणजे काय असतं हे ज्यांच्या घरची माणसं बाहेर होती त्यांना विचारा. मोठं इंजिन हा माज नाही, तो जिवाचा विमा आहे. पंखा कितीही सुबक असला तरी मागे घोडेच नसतील तर तो काय ओढणार?

इंजिनरूम

मी व्यापारी जहाजांवर इंजिनिअर आहे, घर दापोलीकडे. दोन्ही बाजू वाचल्या. हर्णैकर, वादळाचा मुद्दा मनापासून मान्य. पण वेगाचं गणित तुम्ही समजता तसं नाही. तुमच्या बोटीसारखा तळ पाण्यावर चढून घसरत नाही, पाणी बाजूला सारतो. अशा बोटीला लागणारी ताकद साधारण वेगाच्या घनाने वाढते. सात नॉटचे (तासाला सागरी मैल) आठ करायचे तर दीडपट ताकद लागते, आणि तेवढंच अंतर कापायला जवळजवळ तीस टक्के जास्त डिझेल. पाण्यात ४० फूट लांबी बसत असेल तर साडेआठ नॉटच्या आसपास बोट स्वतःच उठवलेल्या लाटेच्या चढावर अडकते. त्यापुढे १८० काय नि २८० काय, बोट मागे बसते आणि लाट मोठी होते, एवढंच. वादळातून लवकर परतायचं असेल तर हवामानाचा इशारा ऐकून दोन तास आधी निघणं जास्त खात्रीचं. इंजिनातून दोन तास मिळत नाहीत, वीस मिनिटं मिळतात.

आता पंख्याबद्दल. नाखवांनी पात्यांना खड्डे पडल्याचं लिहिलंय, तो गंज नव्हे. पातं फार वेगाने फिरलं की त्याच्या पाठीवर दाब इतका उतरतो की पाणी थंड असतानाच उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात आणि ते फुटताना धातूचे कण उडवतात. यालाच कॅव्हिटेशन म्हणतात. हे दुखणं जुनं आहे. ब्रिटिश इंजिनिअर चार्ल्स पार्सन्सने १८९४ मध्ये वाफेच्या टर्बाइनवर चालणारी ‘टर्बिनिया’ बोट बांधली. टर्बाइन जबरदस्त, पण एकच पंखा भयंकर वेगाने फिरवल्याने बोट वीस नॉटच्याही आत अडकली. त्याने मग तीन शाफ्ट बसवले, प्रत्येकावर तीन पंखे, म्हणजे भार नऊ पंख्यांत वाटला. १८९७ मध्ये इंग्लंडमधल्या स्पिटहेडला राणी व्हिक्टोरियाच्या जुबिलीची नौदल पाहणी चालू असताना तीच बोट ३४ नॉटच्या आसपास धावली आणि गस्तीच्या बोटींना सापडली नाही. मला हा प्रसंग फार आवडतो, कारण त्या माणसाने जगातलं सर्वात नवं इंजिन बनवलं आणि तरी पाण्याने त्याला पंख्यापाशी परत आणलं.

दर्याकिनारी हर्णै

इंजिनिअरसाहेब, तुमच्या जहाजांवर तर एकेक इंजिन इमारतीएवढं असतं. तिथे कोणी म्हणत नाही की इंजिन लहान करा.

इंजिनरूम

म्हणतात, आणि करूनही दाखवलंय. २००६ मधल्या ‘एमा मर्स्क’ या कंटेनर जहाजाचं इंजिन १४ सिलिंडरचं, ८० हजार किलोवॉटचं, वजन २,३०० टन. पण मिनिटाला फेरे फक्त १०२, आणि मधे गिअर नाही. इंजिन थेट शाफ्टला जोडलेलं, खाली साडेनऊ मीटरहून मोठा पंखा. २००८ नंतर कंपन्यांनी जहाजं हळू चालवायला सुरुवात केली, तसं एवढं मोठं इंजिन कोणाला नको झालं. त्यानंतर आलेल्या इंजिनांचा दट्ट्या (पिस्टन) आणखी लांब फटका घेतो, फेरे ऐंशीच्या घरात उतरलेत. ते का? आणखी मोठा पंखा आणखी सावकाश फिरवता यावा म्हणून. म्हणजे इंजिन बनवणाऱ्यांनी आपलं इंजिन पंख्याच्या सोयीने बदललं. नाखवांनी गिअर बदलून केलं तेच, फक्त खूप मोठ्या मापात.

नाखवांचं गणितही तपासलं. बोट जागच्या जागी ओढत असेल, तर तेवढ्याच ताकदीत २७ ऐवजी ३७ इंची पंखा सुमारे तेवीस टक्के जास्त ओढ देतो. किंवा तीच ओढ पाऊण ताकदीत मिळते. ट्रॉलर जाळं घेऊन अडीच-तीन नॉटने चालतो, त्यामुळे पूर्ण नाही तरी बराचसा फायदा पदरात पडतो.

वेल्डिंग आणि शाफ्टिंग

खाली जागा नसेल तर पंख्याभोवती कोर्ट नोझल, म्हणजे कडं, लावा असं पुस्तकात असतं. जर्मनीच्या लुडविग कोर्टने १९३० च्या दशकात ते आणलं. कमी वेगात ओढ वीस-तीस टक्के वाढते हे खरं. पण मी तीन बोटींना लावून दिली आणि त्यातली दोन काढून ठेवावी लागली. कडं आणि पातं यांच्यात बोटभर सुद्धा फट चालत नाही, नाहीतर फायदा गळून जातो. आपल्याकडे शाफ्ट जरा खाली बसला की पातं कड्याला घासतं. जाळ्याची दोरी आत शिरली तर उघड्या पंख्यावरून खलाशी उडी मारून कापून काढतो, कड्यात अडकली की माणसाला हातच घालता येत नाही. रिव्हर्स घेताना सुकाणू ऐकत नाही ते वेगळंच. ज्याने हे सोसलं नाही त्याने सल्ला देऊ नये.

आणि नव्या इंजिनांबद्दल सगळे बोलतात तर एक सांगतो. संगणकावर चालणारं कॉमन रेल इंजिन डिझेल खरंच कमी पितं, धूरही नाही. पण गेल्या हंगामात एक बोट चाळीस मैलांवर असताना एका सेन्सरची वायर खाऱ्या हवेने कुजली, इंजिनाने स्वतःच ताकद उतरवली. दुसऱ्या बोटीने ओढून आणली. जुन्या इंजिनाचा डिझेल पंप मी बंदरावर दोन तासांत उघडून बसवतो. या इंजिनाला लॅपटॉपवाला माणूस शहरातून येईपर्यंत चार दिवस गेले. इंजिन सुधारलं असेल, पण बंदर सुधारलं नाही.

सोसायटीची वही

मी मच्छीमार सोसायटीत डिझेलचा हिशोब लिहिते, अठरा वर्षं झाली. वेल्डिंगदादांचं पटतं, पण एका गोष्टीवर कोणी बोलत नाही म्हणून लिहितेय. डिझेलवरचा कराचा परतावा लिटरवर मिळतो. जो जास्त जाळतो त्याला परतावा जास्त. जो गिअर बदलून दोन पिंपं वाचवतो त्याला त्या पिंपांचा परतावाही नाही आणि गिअरला मदतही नाही. माझ्या वहीत इंजिन बदलाची कर्जं पानंच्या पानं आहेत, गिअर आणि पंख्यासाठी काढलेलं एकही नाही. बँकेला इंजिन तारण म्हणून दिसतं, पंखा दिसत नाही. नाखवांना हे स्वतःच्या पैशाने जमलं, विधवा बाई बोट चालवत असेल तर तिला जमणार नाही. आधी परताव्याची पद्धत बदला, मग आमच्या लोकांना शिकवा.

वसईची खाडी

डिझेलवरच भांडताय सगळे. कोचीत बॅटरीच्या बोटी रोज धावताहेत. केरळातल्याच वैकमची ७५ माणसांची सौर फेरीबोट जानेवारी २०१७ पासून चालू आहे, एप्रिल २०२३ पासून कोचीत बॅटरीच्या बोटींची वॉटर मेट्रो आली. आपण का नाही?

इंजिनरूम

खाडीच्या तरीला, म्हणजे फेरीबोटीला जरूर, उद्यापासून. ठरलेला मार्ग, पंधरा-वीस मिनिटांची फेरी, दोन्ही धक्क्यांवर चार्जिंग, आणि विजेची मोटर सावकाश मोठा पंखा फिरवायला अगदी योग्य. पण ट्रॉलरला नाही. एक लिटर डिझेलमधून शाफ्टला साडेतीन-चार युनिट मिळतात. तेवढ्यासाठी आजची तीसेक किलो बॅटरी लागते. फेरीला दोन हजार लिटर नेणाऱ्या बोटीला साठ टन बॅटरी कुठे ठेवणार?

करंजा डोलकर

इतका वेळ वाचत होतो. माझी बोट लहान, डोल जाळं, म्हणजे खुंटांना बांधलेलं पिशवीचं जाळं, भरती-ओहोटीवर लागतं. मला इंजिन फक्त जाण्यायेण्यापुरतं. तुम्ही सगळे ओढ कशी वाढेल ते बोलताय. ओढ वाढली की पुढच्या हंगामात जाळं मोठं होतं, हे नाखवाही जाणतात. आधी एचपीने वाढलं, आता पंख्याने वाढेल. मी खुंट मारून बसतो आणि माझ्या जाळ्यावरून ट्रॉलर जातो, तेव्हा त्याचा पंखा ३७ इंची आहे म्हणून मला कमी दुखत नाही. डिझेल वाचवा, मनापासून सांगतो. पण वाचलेल्या ताकदीचं काय करणार ते आधी बोला.

मिरकरवाड्याचा नाखवा

डोलकरदादा, तुमचं लागलं. जाळं मी वाढवलेलं नाही. इंजिनाचे फेरे उतरवले. २२०० ऐवजी १७०० वर ओढतो, त्यातूनच ती दोन पिंपं वाचली. मात्र सगळे असं करतील याची हमी मी देऊ शकत नाही. म्हणून जाळ्याच्या मापावर बंधन हवं हे मी सोसायटीच्या सभेत मांडीन, ते फक्त इंजिनावर घालून उपयोग नाही.

ताई, परताव्याचं तुम्ही लिहिलंत ते मला माहीतच नव्हतं, माझ्या पासबुकात आकडा कमी का आला ते आज कळलं. वेल्डिंगदादा, शाफ्ट मलाही बदलावा लागला, ते मी लिहायला हवं होतं. साठचा पासष्ट करून भागवलाय. तुमच्या हिशोबाने तो कमी पडतोय. पोटात गोळा आला वाचून.

वेल्डिंग आणि शाफ्टिंग

पासष्ट कमीच आहे. बोट पाण्यात घालायच्या आधी कपलिंग सोडून शाफ्ट बाहेर काढा, चावीच्या खाचेपाशी केसाएवढी चीर दिसते का ते रंग लावून बघा. मी रविवारी चिपळूणला येतोय, तिथून पुढे येईन. तो कुरतडलेला २७ इंची पंखा भंगारात दिला नसेल तर ठेवा. पोरांना दाखवायला मला हवाय.

मिरकरवाड्याचा नाखवा

दिला नाही. शाकारलेल्या बोटीच्या खालीच पडलाय. या रविवारी, जेवायलाच या.