एल तातियोला पहाटेच पोचायचा अट्टाहास कशासाठी?

टिटवी
उत्तर चिलीच्या अटाकामा वाळवंटात, सॅन पेद्रो गावापासून नव्वदेक किलोमीटरवर एल तातियो आहे. उंची ४३०० मीटर, गरम पाण्याचे ऐंशीच्या आसपास फवारे (गीझर). यलोस्टोन आणि कामचाटकानंतर जगात याचाच नंबर. इथले दोन-तीन जण जायच्या तयारीत दिसतात, म्हणून सरळ सांगते: पहाटे चारच्या टूरने जाऊ नका.

"गीझर पहाटेच जागे होतात" हे तिथल्या प्रत्येक टूरवाल्याच्या तोंडी असतं. थाप आहे ती. जमिनीखालचं पाणी घड्याळ बघून उकळत नाही. पहाटे हवा शून्याच्या खाली असते, कधी उणे दहा, त्यामुळे वाफेचे बारीक थेंब होऊन तिचे पांढरे खांब दिसतात. ऊन चढलं की तीच वाफ हवेत विरते. फवारा तोच, तेवढाच.

आणि या खांबांपायी आपण काय घालवतो? जाताना सगळा रस्ता अंधारात. वर पोचल्यावर व्हॅनची रांग, गीझरच्या पाण्यात उकडलेली अंडी (टरफल आहे म्हणून बरं, त्या पाण्यात आर्सेनिक भरपूर आहे), आणि नऊ वाजता "चला चला, बसा." परतीच्या वाटेवर पुतानाची पाणथळ जागा लागते. तिथे थांबतात दहा मिनिटं. माझ्या मते अख्ख्या सहलीतली बघण्यासारखी जागा तीच.

शेकोटी
साफ असहमत. एल तातियोचे फवारे मुळात बुटके, बहुतेक मीटरभरसुद्धा उडत नाहीत. वाफ वजा केली तर उरतं काय? डबकी आणि बुडबुडे. पृथ्वीच्या पार पलीकडच्या टोकाला जाऊन डबकी बघायची असतील तर खुशाल अकराला जा. सूर्य डोंगराआडून वर येतो आणि मागून उजेड पडून सगळं मैदान पेटल्यासारखं दिसतं, ते दृश्य परत मिळत नाही. विज्ञान तुमचं बरोबर असेल, पण लोक विज्ञान बघायला जात नाहीत हो.

नाडीपरीक्षा
सौंदर्याच्या वादात पडत नाही, पण एक मुद्दा दोघांकडूनही सुटलाय. सॅन पेद्रो २४०० मीटरवर. तिथून अंधारात, उपाशीपोटी, अर्धवट झोपेत दोनेक तासांत ४३०० वर. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण साठ टक्के. डोकं ठणकणं, मळमळ, पाय लटपटणं, हे सगळं अशा वेळी अगदी अपेक्षित. त्यात पातळ कवचाची जमीन आणि शेजारी ८६ अंशांचं पाणी (त्या उंचीवर पाणी तेवढ्यालाच उकळतं). आखलेल्या वाटेबाहेर पाय टाकून माणसं पडली आहेत, जीवही गेलेत. सॅन पेद्रोत दोन-तीन दिवस काढल्याशिवाय वर जाऊ नका, मग पहाटे जा नाहीतर दुपारी. पोचल्या दिवशीच दुसऱ्या पहाटेचं तिकीट काढणारे आपलेच लोक असतात, "सुट्टी कमी आहे" म्हणून.

कालामाकर
खाणीच्या कामानिमित्त जवळच्या कालामा शहरात राहतो, त्यामुळे वर जाणं-येणं असतं. टिटवीताई, थाप म्हणालात ते खरं, पण अर्धंच. दुपारकडे तिथे वारा असा सुटतो की गाडीचं दार उघडवत नाही. तेव्हा "उशिरा जा" म्हणजे आठ-नऊला पोचा, एकला नव्हे.

दुसरं, ती व्हॅनची रांग तुम्हाला खुपते, पण तिकिटाचे पैसे तोकोन्से आणि कास्पाना या अटाकामेन्यो (इथल्या मूळ रहिवाशांच्या) गावांकडे जातात; मैदान तेच सांभाळतात. सप्टेंबर २००९ मध्ये भू-औष्णिक विजेसाठी तिथे बोअर घेताना विहीर फुटली आणि साठेक मीटर उंच वाफेचा लोट कित्येक दिवस उसळत राहिला. पुढे ते काम बंद पडलं. गावं आधीपासून विरोधात होती. माणसं बघायला येतात म्हणून त्या विरोधाला वजन आलं, असं मला वाटतं. गर्दीला नावं ठेवताना हेही धरा.

टिटवी
@कालामाकर, तिकीट गावाकडे जातं याला माझी कुठे हरकत आहे? नऊला गेलं तरी तिकीट तेवढंच.

@शेकोटी, दृश्य परत मिळत नाही म्हणता, तर हे ऐका. पुतानाला टागुआ नावाचा पक्षी आहे, आपल्या चांदव्याच्या कुळातला पण बदकाहून थोराड, लालभडक पाय. हे जोडपं पाण्यातली शेवाळं-वनस्पती चोचीने ओढून आणतं आणि पाण्यातच घरट्याचा ढीग रचतं. दरवर्षी त्याच ढिगावर भर. काही ढीग काही मीटर रुंद होतात. मी पाहत होते तेव्हा एक पक्षी हिरवी लांब दोरी ओढत आणत होता, दुसरा ती घेऊन कडेला खोचायचा, पसंत पडली नाही की उपसून परत खोचायचा. आमचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता.

विकुन्यांचंही (उंटाच्या कुळातले छोटे रानटी प्राणी) तेच. गाडीतून "उंटाच्या जातीचं हरिण" म्हणून फोटो काढतात आणि पुढे. थांबलात तर दिसतं की कळप चरतोय आणि एक नर जरा उंचवट्यावर मान ताठ करून उभा आहे, दुसरा नर हद्दीत आला की सुसाट धावतो. लीद टाकायलाही सगळ्यांची जागा ठरलेली. लोकरीपायी साठच्या दशकात ही जात संपत आली होती, करार करून शिकार थांबवली म्हणून आज दिसते. आणि विस्काचा, सशासारखा दिसणारा खडकातला प्राणी! ऊन खडकावर आल्याशिवाय तो बाहेर येतच नाही. मग अंगणात उन्हाला बसलेल्या आजोबांसारखा डोळे अर्धे मिटून तासभर हलत नाही. पहाटे साडेपाचला त्याच्या खडकासमोरून तुम्ही झोपेत निघून जाता.

चांगथांग
आपल्याकडे लडाखात पुगा आहे की. ४४०० मीटर, गरम झरे, गंधक, टाकणखार, चिखलाचे बुडबुडे. त्सो मोरीरी तळ्याच्या वाटेवर. आसपास क्यांग (रानगाढवं), मार्मोट आणि नशीब असेल तर काळ्या मानेचे क्रौंच. व्हिसा नको, स्पॅनिश नको.

शेकोटी
पुग्याला उंच फवारे नाहीत. तुलना होत नाही.

चांगथांग
फवारे तुमच्या तातियोलाही गुडघाभरच, तुम्हीच वर लिहिलंय. आणि तुलना दुसऱ्या बाबतीत होतेच. पुग्यात विजेसाठी ओएनजीसीने २०२१ मध्ये करार केला, २०२२ मध्ये बोअर घेताना गरम पाणी ओढ्यात गेलं आणि काम थांबलं. तातियोचीच गोष्ट. फरक इतका की पुग्याला तिकीट काढून बघायला कोणी जात नाही, म्हणून बातमी दोन दिवसांत विरली. हवी कोणाला तिथली वीज?

कालामाकर
हवी आहे. लडाखच्या हिवाळ्यात डिझेलवर दिवस काढणाऱ्यांना विचारा. इथे सेरो पाबेयोन नावाचं भू-औष्णिक केंद्र ४५०० मीटरवर २०१७ पासून चालू आहे, दक्षिण अमेरिकेतलं पहिलं मोठं. ते तातियोपासून दूर उभारलं, फवाऱ्यांना हात लावला नाही. बोअर कुठे घ्यायचं हा प्रश्न आहे, घ्यायचंच नाही हा नव्हे.

चांगथांग
दूर म्हणजे किती दूर, हे जमिनीखालच्या पाण्याला कोण सांगणार? पुग्याची दरी एवढीशी आहे. तिथे "दूर" नावाची जागाच नाही. यावर वेगळा धागा काढतो.

शेकोटी
काढा. माझं पहाटेचं बुकिंग झालंय, ते रद्द करणार नाही. टागुआचं वाचून मात्र चुळबूळ सुरू झाली आहे. परतताना पुतानाला नीट थांबणारा टूरवाला कसा ओळखायचा?

कालामाकर
पैसे देण्याआधी विचारायचं, "पुतानाला किती वेळ?" "फोटोपुरतं" म्हणाला तर पुढच्या दुकानात. चार जण जमत असाल तर सरळ गाडी भाड्याने घ्या, पण रस्ता कच्चा आहे आणि घाटात सकाळी बर्फाचा पापुद्रा असतो. आणि नाडीपरीक्षांनी सांगितलेले दोन दिवस कापू नका.