चाकणच्या गोदामात दिव्यांवरून ट्रॉलीचे स्थान ठरवता येईल का?

प्रश्न :
चाकण येथील गोदामात पत्र्याच्या छताखाली जीपीएसचा भरवसा नाही. म्हणून छतावरील एलईडी दिवे वेगवेगळ्या वारंवारतेने लुकलुकवून, स्वयंचलित ट्रॉलीवर वर रोखून बसवलेल्या कॅमेऱ्याने ते ओळखावेत, असा विचार आहे. पुण्यातील कार्यालयात ३ मीटर उंच छताखाली २० सेंटीमीटर व्यासाचे दिवे १ किलोहर्ट्झला व्यवस्थित ओळखले गेले. गोदामात छत ८ मीटरवर आहे आणि तेच दिवे ओळखू येत नाहीत. कोठे अडत असावे?

पहिले उत्तर :
अडचण ओळींच्या संख्येत आहे. रोलिंग शटरचा कॅमेरा चित्राच्या ओळी एकामागून एक टिपतो, म्हणूनच डोळ्यांना स्थिर भासणारा दिवा चित्रात पट्ट्यापट्ट्यांचा दिसतो आणि पट्ट्यांच्या रुंदीवरून त्याची वारंवारता कळते. १०८० ओळी सेकंदाच्या तिसाव्या भागात वाचल्या जात असतील, तर १ किलोहर्ट्झचे एक आवर्तन सुमारे ३२ ओळी व्यापते. कॅमेरा जमिनीपासून १ मीटरवर आणि त्याची उभी दृष्टिकक्षा ६० अंश धरल्यास आपला दिवा कार्यालयात सुमारे ९४ ओळी व्यापत होता. गोदामात जेमतेम २७, म्हणजे एक आवर्तनही पुरे होत नाही. वारंवारता ४ किलोहर्ट्झपर्यंत न्यावी आणि एक्सपोजर (प्रत्येक ओळ प्रकाश टिपते तो वेळ) १/८००० सेकंद किंवा त्याहून कमी ठेवावे, कारण ते पूर्ण आवर्तनाइतके झाले की पट्टे पुसलेच जातात. चित्र काळोखे येईल, पण आपल्याला दिव्यांखेरीज काही पाहायचेही नाही. तीनच आवर्तनांवरून जवळजवळच्या वारंवारता वेगळ्या काढता येत नाहीत, तेव्हा प्रत्येक दिव्याला स्वतंत्र वारंवारता देण्याचा नाद सोडावा. मोजक्याच वारंवारता शेजारच्या दिव्यांत आलटूनपालटून वापराव्यात.

दुसरे उत्तर :
गोल दिव्यांऐवजी ४ फुटी बॅटन (लांबट नळीसारखे दिवे) लावण्याचा मोह होईल, पण ट्रॉली काटकोनात वळली की बॅटन ओळींना समांतर होतो आणि पट्टे नाहीसे होतात. शिवाय एलईडी ड्रायव्हरचा (दिव्याला वीज पुरवणाऱ्या मंडलाचा) वीजपुरवठा चालू-बंद करून भागणार नाही. त्यातील कपॅसिटर चढउतार गिळतो. स्थिर व्होल्टेजचा ड्रायव्हर घेऊन मॉस्फेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) कपॅसिटरनंतर, एलईडीच्या मालिकेत बसवावा.

प्रश्नकर्ता :
आभारी आहे. दिशेसाठी होकायंत्राचा सेन्सर पुरेल का?

पहिले उत्तर देणारे :
लोखंडी रॅकांमध्ये तो भरकटतो. जमीन सपाट असल्यास दोन दिवे एकाच वेळी दिसल्यावर स्थान आणि दिशा दोन्ही मिळतात. एकच दिसला, तर ट्रॉली त्याच्याभोवतीच्या वर्तुळावर कोठेतरी आहे, एवढेच कळते. मात्र दोन दिवे दिसावेत म्हणून रुंद दृष्टिकक्षेचे भिंग लावाल, तर त्या २७ ओळी आणखी घटतील. दिव्यांमधील अंतर कळवावे, म्हणजे हिशेब करून सांगता येईल.